रविवारचा शेतकरी बाजार की नोंदणीची टोपली? लातूरच्या अनुभवावरून एक तुलना

आपल्या वसाहतीसाठी शेतकऱ्यांकडून थेट माळवे, म्हणजे भाजीपाला, आणावे, असे ठरवणाऱ्या मंडळींपुढे साधारणपणे दोन पर्याय असतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या जागेत शेतकऱ्यांना बसवून बाजार भरवणे हा एक, आणि फोनवर यादी पाठवून, घराघरांची मागणी नोंदवून, ठरल्या दिवशी भरलेली टोपली पोचवणे हा दुसरा. लातुरात आमच्या वसाहतीत मी आधी दीड वर्ष टोपली चालवली आणि गेली तीन वर्षे बाजार भरवतो आहे. दोन्ही व्यवस्था प्रामाणिकपणे चालू शकतात. तरीही नव्याने सुरुवात करणाऱ्याने कोणता पर्याय निवडावा, याबद्दल माझे एक मत बनले आहे आणि ते कशामुळे बनले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

कायद्याची बाजू दोन्हीकडे फारशी अवघड नाही. राज्य सरकारने 2016 साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि त्याच काळात पणन मंडळामार्फत संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू झाले. त्यामुळे शेतकऱ्याने समितीच्या आवाराबाहेर ग्राहकाला थेट माल विकणे आता सर्वांच्या परिचयाचे आहे. जागेची परवानगी मात्र आधी आणि लेखी घ्यावी. वजनकाट्याची वार्षिक पडताळणी आणि मुद्रांकन झाले आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी पाहावे, कारण ग्राहकाचा विश्वास सर्वांत आधी काट्यावरून उडतो. टोपलीत डाळ किंवा चटणी पाकीटबंद करून द्यायची असेल, तर पाकिटावर वजन, किंमत, महिना, नाव आणि पत्ता छापण्याचे नियम पाळावे लागतात. बाजारात डोळ्यांसमोर मापून दिलेल्या सुट्या डाळीला हा खटाटोप पडत नाही.

टोपलीचे गुण मी आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. शेतकऱ्याला किती माल काढायचा, हे आदल्या दिवशी कळते आणि काढलेला माल पडून राहत नाही. त्याचा रविवार मोडत नाही. चार गावांचा माल एका पिकअपमध्ये येतो, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाटला जातो. आमच्या वसाहतीत मुले पुण्याला किंवा हैदराबादला असलेली आणि स्वतः जिना उतरू न शकणारी काही वृद्ध जोडपी आहेत. त्यांच्यासाठी दारात आलेली टोपली हा मोठा आधार होता, आणि ती बंद केली तेव्हा मला सर्वाधिक वाईट त्यांच्याबद्दलच वाटले. हिशेबही टोपलीत स्वच्छ राहतो, महिन्याच्या शेवटी एकदाच आकडा काढला की झाले.

असे असूनही मी टोपली सोडली ती बदलीच्या फोनमुळे. ज्याने हे काम केलेले नाही, त्याला हे कारण क्षुल्लक वाटेल, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

आमची यादी बुधवारी रात्री जात असे. शेतकरी बुधवारी वाफ्याकडे पाहून अंदाज सांगत, की शनिवारी पालकाच्या चाळीस जुड्या निघतील. घरे गुरुवार-शुक्रवारी मागणी नोंदवत आणि शनिवारी संध्याकाळी माल काढून आणला जाई. बुधवार ते शनिवार या तीन दिवसांत शेतात काय होईल, हे कोणाच्याही हाती नसते. शुक्रवारी पाऊस पडला, तर आमच्या काळ्या जमिनीत वाफसा येईपर्यंत पाऊल टाकता येत नाही. चार दिवस आभाळ राहिले, तर कोथिंबीर पिवळी पडते. शनिवारी रात्री नऊ वाजता माझ्या ओसरीवर पालकाच्या चाळीसऐवजी सव्वीस जुड्या पडलेल्या असत आणि कोणत्या चौदा घरांना नाही म्हणायचे, हे मला ठरवावे लागे. मग फोन सुरू होत. काकू, पालक कमी आला आहे, त्याऐवजी चुका दिला तर चालेल का? काही जण आनंदाने होकार देत. काही फोन उचलत नसत आणि सकाळी टोपली पाहून नाराज होत. काही जण अगदी सौम्यपणे म्हणत, की आम्ही पैसे पालकाचे दिले होते, आणि त्यांचे म्हणणे चूक नव्हते. दीड वर्षात असा एकही शनिवार मला आठवत नाही, की ज्या रात्री मी बदलीसाठी एकही फोन केला नाही.

हा त्रास केवळ माझ्या शनिवार रात्रींपुरता असता, तर मी तो सोसलाही असता. त्याचा परिणाम यादीवर होत गेला. फोन टाळावेत म्हणून ज्याची खात्री नाही, ते मी यादीतून काढू लागलो. पावसाळ्यात पाथरी, घोळ आणि तांदुळजा पिकांच्या ओळींमध्ये आपोआप उगवतात, पण किती निघतील, हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून त्या सर्वांत आधी गेल्या. नंतर वाळके आणि शेंदाडे ही काकडीच्या जातीची रानफळे गेली. करडीची भाजी तर यादीत कधी नीट बसलीच नाही. करडई उगवून आल्यावर दहा-पंधरा दिवसांनी विरळणी करतात आणि उपटलेली ती कोवळी रोपे म्हणजेच भाजी. पुढे पानांना काटे येतात आणि भाजी संपते. इतक्या थोड्या दिवसांची, रानातल्या मजुरांच्या सवडीवर अवलंबून असलेली गोष्ट बुधवारच्या यादीत लिहायची कशी? शिवाय ज्यांनी ती कधी खाल्ली नाही, ते ती नोंदवत नाहीत. यादीतले नाव वाचून तोंडाला पाणी सुटायला ती चव आधी जिभेवर असावी लागते.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात माझ्या यादीत कांदा, टोमॅटो, वांगी, कोबी, भेंडी आणि बटाटा एवढेच उरले. बटाटा आमच्या एकाही शेतकऱ्याचा नव्हता. लोकांना टोपलीत तो हवा असे, म्हणून मी तो भाजी मंडईतून आणून भरत होतो. आपल्या रानातले अन्न आपल्या लोकांनी खावे म्हणून सुरू केलेल्या टोपलीत मी दुसऱ्या जिल्ह्यातला बटाटा भरतो आहे, हे ज्या शनिवारी माझ्या लक्षात आले, त्याच महिन्यात मी बाजारासाठी जागा शोधू लागलो.

बाजारात बदलीचा प्रश्नच उद्भवत नाही. रिकामी पाटी ग्राहक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. पालक संपला असेल, तर तो शेजारच्या पाटीकडे वळतो आणि त्याला कोणी समजवावे लागत नाही. टोपलीत ज्या कमतरतेबद्दल मला क्षमा मागावी लागे, तीच कमतरता बाजारात पुढच्या रविवारी लवकर येण्याचे कारण ठरते.

पहिल्याच हंगामात औसा रस्त्याकडच्या एका गावाहून येणाऱ्या मावशींनी करडीची भाजी आणली. शहरात वाढलेल्या एका तरुण बाईंनी ती हातात घेऊन, ही कसली भाजी, असे विचारले. मावशी म्हणाल्या, "ताई, कवळी हाय तवर घ्या, पुढं काटे येतेत." मग मुगाची डाळ घालून करायची की ज्वारीचे पीठ पेरून, यावर शेजारच्या दोन ग्राहक बायकांमध्येच चर्चा सुरू झाली आणि अर्ध्या तासात ती पाटी रिकामी झाली. टोपलीच्या दीड वर्षात करडीच्या भाजीला मिळून आठ-दहा घरांनी मागणी नोंदवली असेल. हा एका वसाहतीचा अनुभव आहे आणि त्यावरून सर्वत्र तसेच होईल, असे मी म्हणणार नाही. मात्र अनोळखी भाजी विकली जायची असेल, तर ती पिकवणारे आणि रांधणारे माणूस समोर बसलेले असावे लागते, अशी माझी खात्री झाली आहे.

हुरड्याच्या बाबतीत तर तुलनाच होऊ शकत नाही. आगटीतून काढलेली कणसे हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तिथल्या तिथे खायची असतात, कारण निवलेला हुरडा चिवट होतो. आम्ही एकदा तो भाजून, डब्यात भरून घरोघर पाठवला होता आणि ती चूक पुन्हा केली नाही. आता पौषातल्या दोन रविवारी मैदानाच्या कडेला खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतो आणि त्या दोन दिवसांत एरवी न फिरकणारी घरेही मुलाबाळांसह येतात.

बाजाराचे दोष मी लपवू इच्छित नाही. पहिला आणि सर्वांत गंभीर दोष म्हणजे मंडईतून माल उचलून शेतकरी म्हणून बसणारे विक्रेते. एका रविवारी एकसारख्या आकाराचा, एकाच कापणीचा फ्लॉवर तीन वेगवेगळ्या गावांच्या पाट्यांवर दिसला, तेव्हा मला हे कळले. सातबारा मागून हा प्रश्न सुटत नाही, कारण जमीन कोणाची आहे, एवढेच त्यावरून कळते, सकाळचा फ्लॉवर कुठून आला, हे कळत नाही. आम्ही आता प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला विक्रेत्याच्या शेतावर जाऊन उभे पीक पाहून येतो आणि जे पाहिले, तेवढेच विकायला परवानगी देतो. याला वेळ जातो. ज्यांच्याकडे गावोगाव फिरायला दोन-तीन माणसे नाहीत, त्यांनी बाजाराचा विचार करताना हे ओझे आधी मोजावे.

दुसरा दोष उरलेल्या मालाचा. साडेदहानंतर विक्रेते भाव पाडू लागत आणि महिनाभरात ग्राहकांनाही उशिरा येण्याची सवय लागली. आम्ही फळ्यावर लिहिलेला भाव शेवटपर्यंत तोच ठेवण्याचा नियम केला आणि उरलेला माल ठरलेल्या दराने घेण्यासाठी जवळच्या दोन खानावळींशी बोलून ठेवले. लातुरात शिकायला आलेल्या मुलांमुळे खानावळी भरपूर आहेत, म्हणून हे जमले. लहान गावात उरलेल्या मालाची वेगळी वाट शोधावी लागेल.

उन्हाळ्याचा दोष मात्र उपायापलीकडचा आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहा ते नऊ एवढाच बाजार भरतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहराच्या परिसरात वाईट वर्षी उन्हाळी माळवे होतच नाही. अशा वर्षी बाजार दोन महिने सरळ बंद ठेवावा. मंडईतला माल आणून तो चालू ठेवण्यापेक्षा ते बरे.

कोरड्या आणि टिकाऊ मालासाठी यादी अजूनही उत्तम, हे मान्य करायला हवे. आपल्या भागातल्या ज्या जिनसांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यांतल्या कित्येक अशा टिकणाऱ्या आहेत. बोरसुरीची तूर डाळ, पानचिंचोलीची चिंच, जालन्याची दगडी ज्वारी, वसमतची हळद यांची मागणी महिनाभर आधी नोंदवली, तरी बदलीचा फोन करावा लागत नाही. म्हणून आम्ही या मालापुरती नोंदणी ठेवली आहे आणि नोंदवलेला माल बाजाराच्याच दिवशी, त्याच जागेवरून न्यायचा, असा नियम आहे. जिना न उतरू शकणाऱ्या घरांसाठी शेजारची मुले पिशवी पोचवतात. कास्तीची कोथिंबीर आणि बीडचे सीताफळ मात्र मानांकन असले, तरी यादीत घालण्याच्या फंदात पडू नये. डोळे उघडलेले सीताफळ दोन-चार दिवसांत पिकते आणि ते आजच खायचे की परवा, हे घेणाऱ्याने हातात घेऊनच ठरवायचे असते.

येसर, काळा मसाला, कारळ्याची चटणी, धपाटे असे करून विकणाऱ्या बचत गटांच्या महिलांना बाजारात जागा अवश्य द्यावी, पण त्यांची अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी झालेली असावी. शेतकऱ्याच्या कच्च्या मालाला ती लागत नाही, तयार पदार्थाला लागते. धपाट्यांचा तवा प्रवेशाजवळ न ठेवता मैदानाच्या आतल्या टोकाला ठेवावा, म्हणजे खायला आलेला माणूस सगळ्या पाट्यांवरून चालत जातो.

तेव्हा ज्यांच्याकडे मोकळी जागा नाही, मदतीला माणसे नाहीत, किंवा ज्यांची घरे एकमेकांपासून दूर विखुरलेली आहेत, त्यांनी टोपली निवडली, तर मी त्यांना परावृत्त करणार नाही. त्यांनी एवढेच करावे, की पहिल्या दिवसापासून टोपलीत एक जागा 'रानातून जे येईल ते' या नावाने मोकळी ठेवावी आणि ती भाजी शेतकऱ्यानेच ठरवावी. मी हे केले असते, तर कदाचित माझी यादी बटाट्यापर्यंत घसरली नसती. ज्यांच्याकडे जागा आणि चार माणसे आहेत, त्यांना मात्र मी बाजारच सुचवीन.

सुरुवात दिवाळीच्या आसपास करावी. तेव्हा पहिल्या काही रविवारी, पेरणी जशी मागेपुढे झाली असेल तशी, करडीची भाजी असते, नंतर मेथी, चुका, हरभऱ्याची भाजी आणि तुरीच्या ओल्या शेंगा येतात, आणि पाण्याची चणचण सुरू होईपर्यंत लोकांची सवय जडलेली असते. एक काळजी घ्यावी. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, म्हणजे रानात पूजा करून तिथेच जेवण्याच्या सणाला, आपल्याकडचा शेतकरी स्वतःच्या रानात कडब्याच्या कोपीपाशी असतो, तो बाजाराला येणार नाही आणि त्याने यावे, अशी अपेक्षाही करू नये. शहरातल्या घरांना मात्र त्या दिवशीच्या भज्जी या मिश्र भाजीसाठी तुरीचे आणि वाटाण्याचे ओले दाणे, हरभरा, चिंच, आंबिलासाठी ज्वारीचे पीठ आणि उंड्यांसाठी बाजरी हवी असते. त्या आठवड्यात आम्ही रविवारची वाट न पाहता अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी बाजार भरवतो आणि दुपारी बारापर्यंत सगळ्यांना गावाकडे मोकळे करतो.