नंबर लपवलेला फोन: उचलावा की वाजू द्यावा?

भारतात सामान्य ग्राहकाला नंबर लपवायची सोय सहज मिळत नाही. त्यामुळे ‘प्रायव्हेट नंबर’ बहुधा परदेशातून किंवा इंटरनेटवरून आलेला असतो.

घरचं कुणी परदेशी असेल तर उचला, पण आधी समोरच्याला बोलू द्या. ओटीपी, आधार, पैसे असा विषय निघाला की लगेच ठेवा. तोतया पोलीस फोनवरच करतात ती ‘डिजिटल अटक’ कायद्यात नाहीच! पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

इतरांनी वाजू द्यावा. खरं काम असलेला माणूस मेसेज करतो. अडचण एकच, उलट फोन लावता येत नाही. गूगलच्या फोन अ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, ब्लॉक्ड नंबर्स, तिथे ‘अननोन’ चालू करा. याने लपवलेलेच नंबर अडतात. कुरिअरवाल्याचा सेव्ह नसलेला नंबर येत राहतो.