हिमॅटोकॉकसचं घरगुती किट: कल्चर चोख, दिवा कमजोर

हिमॅटोकॉकस प्लुव्हियालिस हे सूक्ष्म हिरवं शेवाळ. नायट्रेट तोडून भरपूर उजेड दिला की ते लाल होतं आणि मत्स्यखाद्यात घालायचा अॅस्टॅझॅन्थिन हा लाल रंग देतं. किटमध्ये त्याचं २५० मिलि जिवंत कल्चर (पाण्यात वाढवलेलं शेवाळ), नायट्रेट असलेलं आणि नसलेलं अशी दोन खतद्रावणं, छोटा हवेचा पंप आणि एलईडी पट्टी येते. कल्चरला पूर्ण गुण. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या पेशी चपळ पोहताना दिसतात, शेवाळ खाणारे रोटिफर किंवा अमीबा हे सूक्ष्मजीव नाहीत. तळाशी लाल गाळ दिसला तरी बाटली फेकू नका. प्रवासातल्या उष्णतेने पेशींनी कवच धरलेलं असतं. ताज्या द्रावणात, मंद उजेडात त्या काही दिवसांत हिरव्या होतात.

माहितीपत्रक मात्र आपल्या हवापाण्याचं नाही. ‘साधं पाणी’ म्हणे! आपल्याकडच्या जड बोअरच्या पाण्यात कॅल्शियम फॉस्फेटला धरून खाली बसतं आणि वाढ अडते. आरओचं पाणी उकळून, गार करून वापरा. ८०० मिलि द्रावणाला २०० मिलि कल्चर घ्या. फार पातळ केलं तर दुसरंच शेवाळ जागा धरतं. बुडबुडे सावकाश सोडा, या पेशींना घुसळण सोसत नाही.

तापमान २० ते २७ अंश हवं. तिशीच्या वर गेलं की पेशींची संख्या वाढण्याआधीच लाली येते. या लालीला भुलू नका, त्यात एकूण रंग थोडाच निघतो. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये हे मागवूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.

दिवा पेशी वाढवायच्या हिरव्या टप्प्यापुरताच. रंग धरायच्या लाल टप्प्याला चार-पाच पट उजेड लागतो, म्हणून नायट्रेट नसलेल्या द्रावणात टाकून बाटली हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हात ठेवा. लिटरला ८ ग्रॅम मीठ घालायचा पत्रकातला सल्ला टाळा: लाली लवकर येते, पण बऱ्याच पेशी मरतात.

वाळवणीबद्दल पत्रकात एक ओळ नाही. उन्हात वाळवलं की अॅस्टॅझॅन्थिन उडतं. सावलीत पातळ थर द्या, मग खलात बारीक घोटा; कवच फुटलं नाही तर माशांच्या अंगी रंग लागत नाही. पावडर हवाबंद डबीत, फ्रीझरमध्ये.

लिटरमागे अर्धा ग्रॅम सुकी पावडर आणि तिच्यात २ टक्के रंग धरला तर १० मिलिग्रॅम होतात. किलोभर मत्स्यखाद्याला ५० मिलिग्रॅम द्यायचे तर ५ लिटर कल्चर खर्ची पडतं. शोभेच्या माशांची टाकी किंवा कॉलेजची प्रयोगशाळा असेल तर किट जरूर घ्या. ‘शेवाळातून लाखो’ ऐकून शेडनेट उभारणाऱ्यांनी यातलं फक्त कल्चर बियाणं म्हणून घ्यावं. दिवे आणि गारव्याची सोय वेगळी करावी लागेल.