शुअर एसएम ५८ माईक: सव्वा वर्ष वापरून, आणि काल दिवसभर दमवून

आधीच सांगतो, मी साउंडवाला नाही. मी स्टँडअप करतो, मराठीत, पुण्यात, म्हणजे घरच्यांच्या भाषेत "बघतोय सध्या काहीतरी". त्यामुळे ग्राफबिफ काही मिळणार नाही. काल एकाच दिवसात सकाळी रेडिओ, दुपारी घरी रेकॉर्डिंग, संध्याकाळी सोसायटीचा कार्यक्रम आणि रात्री तिकिटाचा शो असं सगळं जुळून आलं, आमच्या धंद्यात असा दिवस वर्षातून एखादा येतो, आणि चारपैकी तीन ठिकाणी हाच माईक हातात होता, म्हणून म्हटलं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकू.

स्वतःचा माईक घेऊन फिरतो म्हटल्यावर बाकीचे कॉमेडियन हसतात. (एरवी माझ्यावर हसायला त्यांना जड जातं.) पण ओपन माईकला, म्हणजे कुणीही नाव देऊन स्टेजवर चढावं अशा कार्यक्रमाला, बारावा नंबर आला की कळतं, आधीच्या अकरा जणांनी काय काय खाल्लंय ते जाळीला नाक लावलं की मेन्यूकार्डासारखं वाचता येतं. एकदा तर लसणाची चटणी इतकी स्पष्ट होती की मी पहिला जोक विसरलो. त्या दिवशी ठरवलं, आपला टूथब्रश तसा आपला माईक.

पहिल्यांदा फसलो. एका दुकानात एकवीसशे रुपयांत "सेम टू सेम ओरिजिनल" मिळाला, डब्यावर नाव तेच, जाळी तीच, घरी आणून लावला तर माझा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. शंका आली म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे काट्यावर ठेवला. खरा माईक २९८ ग्रॅमचा असतो, हा दोनशे चाळीसच्याही खाली. वाणी म्हणाला, "साठ ग्रॅम कमी, आम्ही असं केलं असतं तर तुम्ही भांडला असता." दुकानात परत गेलो तर बिल नाही म्हणून हात वर. मग मुकाट्याने अधिकृत डीलरकडे जाऊन पक्क्या बिलावर घेतला, दहा हजाराला थोडे कमी. डब्यात माईक, स्टँडला लावायची क्लिप आणि चेनवाली पिशवी येते, केबल येत नाही. मॉडेलच्या नावापुढचं एलसी म्हणजे केबल नाही, हे मला डबा फोडल्यावर कळलं, तुम्ही आधीच कळून घ्या. आणि स्विच नसलेलाच घ्या. स्विचवाला घेतला तर एक दिवस बंद माईकवर पाच मिनिटं बोलाल आणि वाटेल लोकांना जोक कळत नाहीयेत.

हे मॉडेल १९६६ पासून बाजारात आहे आणि बाहेरून जवळपास तसंच आहे. आपलं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं, म्हणजे माईक दोन वर्षांनी थोरला, आणि रंगमंदिरासारखं याला पाडून नवीन बांधायचं का यावर अजून एकही बैठक झालेली नाही. एसएम म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन. स्टुडिओसाठी केलेला पोरगा स्टेजवर नाव काढून बसला.

आता काल. सकाळी आठला एका एफएम स्टेशनवर पाहुणा म्हणून होतो. तिथे अर्थातच त्यांचा माईक, लोखंडी हातावर लोंबणारा, स्पंजची टोपी घातलेला, आणि इतका तिखट की हातातलं घड्याळ काढून ठेवायला लावलं. मी सवयीने तोंड थेट माईकसमोर नेऊन "पुणेकर भावांनो" म्हटलं आणि काचेपलीकडच्या माणसाने कान धरले. आपल्या भाषेत प, फ, भ ही अक्षरं तोंडातून हवा फेकतात, आणि माझा अर्धा सेट भाडेकरू, भांडी, फुकट आणि पेठ यावरच उभा आहे. आरजे बाई म्हणाल्या, "दादा, माईकशी नाही, माईकच्या बाजूने बोला." एसएम ५८ च्या गोळ्यात आतून फोम असतो त्यामुळे तो बरंच पोटात घेतो, त्याने मला बिघडवून ठेवलंय हे तिथे कळलं.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणं. स्टेजवर पंचच्या, म्हणजे जोकच्या हसवणाऱ्या शेवटच्या ओळीच्या, आधी मी मस्त तीन सेकंद थांबतो, तीच तर भाकरी आहे आपली. रेडिओवर तीन सेकंद शांतता म्हणजे स्टेशन बंद पडलं. मी थांबलो, बाईंनी घाबरून "आणि मंडळी, बाहेर पावसाची रिपरिप" म्हणून जागा भरली, पंच गेला मुठेला मिळायला. दुसऱ्या वेळी थांबायच्या ऐवजी "अं..." म्हणून तेवढी जागा धरून ठेवली आणि तो बसला. कसं कळलं? काचेपलीकडच्या माणसाचे खांदे हलत होते, आवाज शून्य. हसणं नुसतं बघायचं, ऐकायचं नाही, हा प्रकार पहिल्यांदाच अनुभवला. आजीच्या स्वयंपाकघरात कायम आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, तेव्हा मला वाटायचं आतला माणूस आपल्याला बघतोय. बघत नसतो, बिचारा घड्याळ बघत असतो.

निघताना त्यांनी दहा छोटे तुकडे मागितले, तीस तीस सेकंदांचे, चारच्या आत, आणि पैसे देतो म्हणाले. इथून या माईकचं खरं काम सुरू.

घरी स्टुडिओ वगैरे नाही, कपाट आहे. साड्यांचा कप्पा उघडा ठेवायचा, डोक्यावरून आजीची गोधडी घ्यायची आणि आत घामाघूम होत विनोद करायचा. शेजारी टाइल्सचं काम चाललं होतं आणि आईने नेमका तेव्हाच कुकर लावला. कंडेन्सर माईक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा प्रकार, असता तर अख्खं घर गोळा करून बसला असता. हा डायनॅमिक आहे, म्हणजे कानाने जरा जाड, तोंडापासून दोन बोटांवर धरला की आपला आवाजच इतका मोठा पोचतो की बाकीचं मागे राहतं. चार शिट्ट्यांपैकी एकच ऐकू आली, तीही जोकच्या शेवटी, ती मी ठेवली. फॅन्टम पॉवरची, म्हणजे केबलमधून माईकला वीज पुरवायचीही भानगड नाही.

पण इथेच याची खोड पण सांगतो. याचा सिग्नल बारीक असतो. इंटरफेसचा, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा, गेन (सिग्नल मोठा करायचं बटण) पार वर न्यावा लागतो आणि स्वस्तातला इंटरफेस असेल, माझा आहे, तर मागे सूंऽऽ असा आवाज येतो. ५० ते १५,००० हर्ट्झ एवढीच याची धाव, त्यामुळे स्टेशनच्या माईकवर "स" जसा चकचकीत ऐकू येतो तसा यात येत नाही, आवाज थोडा मळखाऊ वाटतो. नुसतं घरी बसून पॉडकास्ट करायचं असेल तर याच्या मागे लागू नका, मोबाईललाही थेट लागत नाही, इंटरफेस धरून हिशोब करा. स्टेशनवाल्यांनी दहापैकी आठ घेतले. दोन नाकारले ते माईकमुळे नाही.

संध्याकाळी कर्वेनगरला सोसायटीचा वर्धापनदिन, पार्किंगमध्ये. पाऊस म्हणून माईक पिशवीत, पिशवी प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक स्कूटरच्या डिकीत. पोचलो तर चेअरमनसाहेबांचं भाषण चालू होतं, कॉर्डलेस माईकचे सेल मधेच संपले, चेअरमनसाहेबांना ते कळलं नाही आणि समोरच्यांनी कळवलं नाही. सेल कुणाकडेच नव्हते. मी माझा माईक आणि दहा मीटरची कॅनन टू पी-३८ केबल काढली, म्हणजे एका टोकाला माईकचं तीन पिनांचं कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी पण जाड पिन. साउंडवाल्या दादाच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासारखं होतं, बहुतेक कॉमेडियन त्याच्याकडे "हॅलो हॅलो" करतच येतात. ही केबल कायम जवळ ठेवा. सोसायट्यांचे अँप्लिफायर बहुतेक पी-३८ वालेच असतात, तिथे नुसता माईक घेऊन गेलात तर तो गदेसारखा हातात धरून उभे राहाल.

मग इकोवरून वाद. "दादा, इको शून्यावर आणा." "सर, मग मजा नाय येणार." "मजा मी आणतो." "बघा बुवा." इको असला की प्रत्येक पंच तीनदा येतो, आणि आमचा पंच एकदा आला तरी खूप.

तेवढ्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला. आता या माईकचा गुण असा की तो समोरचं ऐकतो, बाजूचं कमी आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. म्हणजे ढोल माईकच्या पाठीकडे यायला हवा, म्हणजे माझं तोंड नदीकडे हवं, म्हणजे स्टेज पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला. सत्तर खुर्च्या फिरवायला लावल्या मी. स्पीकरचे बॉक्सही उचलून पुढे न्यावे लागले, माझ्या मागे राहिले असते तर माईक किंचाळला असता. दादा पुटपुटत होता, दोन आज्या तर खुर्चीवरून उठल्याच नाहीत, त्यांना खुर्चीसकट उचलून फिरवलं आणि सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळाला. लोकांच्या पाठीमागे ढोल वाजत राहिला पण स्पीकरमधून फक्त मी. संपल्यावर एक आजोबा मुद्दाम जवळ आले, म्हणाले, "तुमचं सगळं काही पटलं नाही, पण शब्द न् शब्द ऐकू आला." पाकिटात पाच हजार एक. माईकची निम्मी किंमत एका संध्याकाळी, एक रुपया वर.

रात्री साडेनऊला शनिवार पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये तिकिटाचा शो, शंभरेक खुर्च्या, ऐंशी भरलेल्या. इथे याची मला सगळ्यात आवडणारी गंमत. ओठाला लावला की आवाजाचा खर्ज वाढतो, वीतभर लांब नेला की आवाज पातळ होतो. माझ्या सेटमध्ये घरमालक आणि भाडेकरू दोघं बोलतात, मी आवाज बदलतच नाही, मालक बोलताना माईक ओठाशी, भाडेकरू बोलताना छातीपाशी. बास. लोकांना वाटतं मी मिमिक्री करतो. फक्त रॅपर पोरांसारखी जाळी मुठीत धरू नका, मग तो चारी बाजूंचं ऐकायला लागतो आणि कुईऽऽ सुरू होते, नाव मात्र साउंडवाल्याचं खराब.

टाळ्या घेताना नमस्कार करायच्या नादात हातातून सुटला. थेट फरशीवर, ठण्णऽऽ, स्पीकरमधून तोफ. जाळीला डाव्या बाजूला पोचा आलाय, आधीच्या दोन पोच्यांच्या शेजारी. उचलला, "सॉरी" म्हटलं, ऐकू आलं, परत टाळ्या.

तक्रारी म्हणाल तर दीड तास हातात धरून मनगट बोलायला लागतं. आणि हा आवाज गोड करत नाही, घसा बसलेला असेल तर बसलेलाच ऐकवतो. पाचपैकी साडेचार. तो अर्धा केबल न दिल्याचा.

आणि हो, जाळी फिरवून काढता येते, आतल्या फोमसकट साबणाच्या पाण्यात धुवायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाही, ओली अजिबात नाही. काल रात्री घरी आल्यावर धुतली. आत्ता ती ओट्यावर गाळणीशेजारी उपडी सुकतीय आणि आईने आतून विचारलंय, ही नवीन गाळणी कुठून आणलीस, भोकं फार मोठी आहेत.