जळगावातला वुशू वर्ग : शिकवणं पक्कं, दप्तर कच्चं

सकाळी साडेपाचला भरणाऱ्या, वुशू म्हणजे चिनी युद्धकला शिकवणाऱ्या या वर्गाची फी महिना ७०० रुपये. शिकवणं पाहिलं तर ती रास्त आहे. सांदा, म्हणजे वुशूतली प्रत्यक्ष लढत, इथे क्रमाने शिकवतात : आधी उभं राहणं, पावलं आणि पडायचं कसं ते, मग ठोसे-लाथा, आपटणं शेवटी.

तालमीतून आलेली मुलं कमरेला हात घालण्यात तरबेज असतात, पण पाडल्यावर छातीवर बसायला धावतात. सांदात जमिनीवरची झुंज नाही; पाडून स्वतः उभं राहिलात तरच २ गुण. ही सवय मोडायला वस्ताद बराच वेळ देतात, आणि ते योग्यच आहे. मंच ८ बाय ८ मीटर, ८० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून खाली गेलं की गुण समोरच्याला, म्हणून जमिनीवर पट्टी आखून कडेचं भान देतात.

उणीव मॅटची. २५ मिलिमीटरचे फोमचे तुकडे आपटण्याच्या सरावाला कमी पडतात, किमान ४० हवेत. तुकड्यांमधले सांधे उघडले की पायाची बोटं अडकतात. चिकटपट्टी रोज तपासा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली आठनंतर थांबू नका, आणि वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून पळणं तर नकोच. खान्देशच्या उन्हात अंगातलं पाणी संपतं.

मोठी अडचण मात्र दप्तराची आहे. हजेरी नाही, कोणी कुठवर शिकला याची नोंद नाही. वर्षाअखेरीस मिळणाऱ्या रंगीत कागदावर वजनगट नाही, क्रमांक नाही. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि तिथे असा कागद टिकत नाही. शेतमजुराच्या पोरासाठी हा कागद म्हणजे वर जायची शिडी आहे.

चीनमध्ये ही शिडी एकदा तुटली होती. लष्करी भरतीची जुनी राजपरीक्षा १९०१ मध्ये बंद झाली आणि खेड्यातल्या मल्लाला दरबारी पद मिळवून देणारी वाट संपली. उरले ते व्यापाऱ्यांच्या मालाची राखण किंवा रस्त्यावरचे खेळ. १९१० मध्ये शांघायला नामांकित उस्ताद हुओ युआनजिया यांच्या नावाभोवती जिंगवू संघ ही युद्धकला शिकवणारी संस्था उभी राहिली. ते त्याच वर्षी वारले. पुढे चेन गोंगझेंसारख्या तरुण व्यापाऱ्यांनी संघ चालवला. निरनिराळ्या घराण्यांचे उस्ताद एकाच छताखाली आले. १० मूळ पाठ ठरले आणि ते सर्वांना खुले झाले, बायकांनाही. गुरूच्या घरात दडलेली विद्या अशी ठरावीक अभ्यासक्रमात आली, आणि उस्तादाला ‘शिक्षक’ म्हणून प्रतिष्ठा मिळाली. १९२८ मध्ये नानजिंगला केंद्रीय गुओशू (‘राष्ट्रीय कला’, वुशूचंच तेव्हाचं नाव) संस्था स्थापन झाली. तिने त्याच वर्षी देशपातळीवर परीक्षा घेतली.

इथल्या वस्तादांकडे विद्या आहे, ठरलेला क्रमही आहे. वही तेवढी घाला : नाव, तारीख, वजन, झालेला पाठ, लढतीचा निकाल. प्रवेश घेणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी विचारावं, वर्ग राज्य संघटनेशी संलग्न आहे का, आणि मुलं कोणत्या अधिकृत स्पर्धेत उतरतात. दोन्हींचं उत्तर कागदावर मागा.