धुमाल की झाडीपट्टीचं नाटक? कीबोर्ड वाजवणाऱ्यांसाठी

आमच्याकडं चंद्रपूर-गडचिरोलीत, ब्रह्मपुरीपासून आरमोरी-कुरखेड्यापर्यंत कुठल्याही गावात जा, भजनी मंडळाच्या पेटीवर हात बसलेला एखादा पोरगा सापडतोच. बारावीच्या आसपास तो कीबोर्ड घेतो, गाणी कानानं उचलायला लागतो आणि मग विचारतो, "भाऊ, धुमालात जाऊ का नाटकात?" धुमाल म्हणजे गाडीवर स्पीकर लावून वरातीत, मिरवणुकीत वाजवणारी पार्टी, आणि नाटक म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं, पूर्व विदर्भातल्या या धानाच्या भागातलं, रात्रभर चालणारं गाण्यांचं नाटक. मी दोन्हीकडं वाजवलंय आणि आता नाटकात आहे, त्यामुळं माझा कल कुठं असेल हे वाचणाऱ्यानं आधीच धरून चालावं. नागपूरचा ऑर्केस्ट्रा किंवा मुंबईचं रेकॉर्डिंग याबद्दल इथं काही लिहीत नाही. ज्याची शेती इथं आहे आणि घरी म्हातारी माणसं आहेत, त्याच्यापुढं खरे रस्ते हे दोनच.

पैशाचं आधी बोलून घेऊ. यात धुमाल पुढं आहे, हे मान्यच करावं लागतं. तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू होतात, १४ एप्रिलच्या मिरवणुका असतात, पावसाळ्यात थोडी उसंत मिळते आणि मग गणपती, दुर्गा. हात चांगला असेल तर नागपूरची पार्टी बोलावते, सीमेपलीकडं दुर्ग-रायपूरपर्यंत जाणं होतं. मुख्य म्हणजे वरात दारात पोहोचली की त्याच रात्री रोकड हातात पडते. नाटकात पैसे नाईटवर, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगावर ठरतात. सीझनच्या सुरुवातीला थोडी उचल मिळते आणि बाकीचा हिशेब नाटक मंडळाचा मालक करेल तेव्हा. माझा एका मंडळाकडचा हिशेब तेंदूपत्ता तोडायचे दिवस आले तरी झाला नव्हता. सगळीकडं असं होतं असं नाही, पण होतं.

शेतीचं गणित मात्र नाटकाशी जास्त जुळतं. धान कापून, चुरून घरात आला की भाऊबीजेपासून गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा भरायला लागतात आणि तिथून होळीच्या आसपासपर्यंत नाटकं चालतात. रोवणीच्या वेळी तुम्ही बांधीत, नाटकाच्या वेळी स्टेजपुढं. धुमालाची मोठी कमाई एप्रिल-मेमध्ये आहे, आणि ब्रह्मपुरीचा मे महिना काय असतो हे इथल्यांना सांगायला नको. पंचेचाळीसच्या वर पारा गेलेला, पिकअपवर उभं राहून दुपारी चारची वरात वाजवायची. कीबोर्डच्या पट्ट्या तापतात, डिस्प्लेवरचं काही दिसत नाही. मागं स्पीकरची भिंत असते, तिच्यामुळं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझे कान वाजायचे. कोणाचे वाजत नसतीलही.

पण ऊन आणि आवाज मी सोसला असता. माझं मन उडालं ते वेगळ्याच गोष्टीनं. धुमालात गाणं पुरं होत नाही.

हे बाहेरून ऐकणाऱ्याला कळत नाही, कारण नाचणाऱ्याला मुखडाच हवा असतो. मुखडा वाजला, पोरं उड्या मारायला लागली, दुसरी आवृत्ती संपते न संपते तोच नवरदेवाचा मामा गाडीला लटकून ओरडतो, "हे नोको गा, ते लाव!" दहाची नोट नाकासमोर हलत असते. ऑक्टोपॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॅडवर ताल वाजवणारा, तुमच्याकडं बघतो, तुम्ही मान हलवता, पॅटर्न बदलतो, दुसऱ्या गाण्याचा मुखडा सुरू. तो रंगात येतो तोवर नवरीकडचे कोणी तिसरं मागतात. तिसऱ्याची पट्टी, म्हणजे सूर, वेगळी असते. ती बदलायला श्वास घेण्याइतकीही जागा नसते, म्हणून सगळी गाणी एकाच पट्टीत वाजवायची सवय लागते. अंतरा बोटांत बसवलेला असतो, रात्री घरी हेडफोन लावून घोटलेला असतो, पण तो वाजवायची वेळ येतच नाही. पुढं पुढं माझ्या लक्षात आलं की नवीन गाणं बसवताना मी अंतरा ऐकायचंच सोडून दिलंय. भजनी मंडळात आमचे म्हातारे बुवा अभंगाचं शेवटचं चरण झाल्याशिवाय पेटीवरचा हात उचलू द्यायचे नाहीत. त्या हातांची ही गत मला बघवेना. धुमालातल्या माझ्या जोडीदारांना याचं काही वाटत नव्हतं. ते माझ्यापेक्षा चपळ होते, आणि गर्दीचा रंग ओळखून क्षणात गाणं फिरवणं हीसुद्धा एक विद्याच आहे, हे मी आजही मानतो. माझ्या स्वभावाला ती मानवली नाही, एवढंच.

नाटकात याच्या उलट. तिथं गाणं संपवावंच लागतं, कारण ते संपल्याशिवाय पुढचं पात्र येत नाही. ऑर्गनवाला (कीबोर्डला नाटकात ऑर्गनच म्हणतात), तबला आणि ऑक्टोपॅड स्टेजला लागून बसतात, नटाच्या पायाचा ताल दिसेल इतके जवळ. रात्री दहा-अकराला घंटा होते आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. एवढ्या वेळात माणसाचा गळा तोच राहत नाही. पहिल्या अंकात काळी दोन या पट्टीत खणखणीत गाणारा नायक तिसऱ्या अंकात, दोन तास ओरडून संवाद म्हटल्यावर, काळी एकवर आलेला असतो आणि हे तो तुम्हाला सांगत नाही. संवादाच्या शेवटच्या ओळीवरून तुम्हीच ओळखायचं आणि तो तोंड उघडायच्या आत ट्रान्सपोज दोन घरं खाली न्यायचं. हे जमायला लागलं की नट तुमच्यावर विसंबतो. मग तोच मालकाला सांगतो, ऑर्गनवर याच भाऊला घ्या.

एक प्रसंग सांगतो. आरमोरीकडच्या एका गावात नाटकात आईचं प्रेत अंगणात आणतात, थोरला मुलगा शहरातून येतो आणि दारातच थांबतो. त्या रात्री नटानं नेहमीपेक्षा फार लांब थांबा घेतला. संवाद विसरला की मुद्दाम थांबला, कोणालाच कळेना. प्रॉम्प्टर पानावर बोट ठेवून बघत राहिला. आमच्या तबलजी काकांनी हात डग्ग्यावर नुसता टेकवून ठेवला. मी खालचा सा धरला होता, त्यात हलकेच कोमल गंधार मिळवला आणि आवाजाचं बटन अगदी थोडं वर नेलं. पुढं जमिनीवर बसलेल्या बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या. मग तो "माय वं" म्हणाला आणि मी सूर सोडला. दोन सूर वाजवले, पण ते तिथं लागत होते. वरातीत मी शेकडो सूर वाजवले असतील, त्यातला एकही कोणाला असा लागत नव्हता.

नाटकाच्या उणिवाही सांगायला हव्यात. झोपेची वाट लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बोटं आखडतात, शेकोटीवर हात धरून मग पट्ट्यांवर ठेवावे लागतात. संहितेत जोर नसेल तर मध्येच लावणी घुसवतात, आणि तिथं बक्षिसाच्या नोटा निघाल्या की फर्माईश सुरू होते, म्हणजे धुमालाचंच दुखणं थोडं इथंही आहे. फरक इतकाच की ते एका लावणीपुरतं राहतं. पीक बुडालं त्या वर्षी गावं तारखा घेत नाहीत. पटाचंही तसंच. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि नाटक ही जुनी जोडी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा नाटकांना मंडईचाच आधार उरला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा न्यायालयानं कायम ठेवला आणि पटाच्या रात्रीची गर्दी परत दिसायला लागली. शिवाय ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलपट्ट्यात पहाटे परतताना वाघाची भीती खोटी नाही. दुचाकीनं एकट्यानं येऊ नका, मंडळाच्या गाडीतच बसा.

आता वयाचं. विशीतल्या पोराला हा मुद्दा आज पटणार नाही, तरी लिहितो. धुमालात पस्तिशीनंतर वाजवणारे मला फार दिसले नाहीत. जे दिसले ते पार्टीचे मालक झालेले, वाजवत नव्हते. नाटकात आमचे तबलजी काका नातवंडं खेळवून रात्री बैठकीला येतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच झाडीपट्टीतल्या अभिनयासाठी. ५००० वर प्रयोग आणि ८०० भूमिका त्यांच्या नावावर सांगतात. ते नट, आपण वाजवणारे, आपल्याला असलं काही मिळेल म्हणून मी हे सांगत नाही. पण पिकल्या केसांच्या माणसालाही या रंगभूमीत जागा असते, एवढं त्यावरून दिसतं.

तरीही काहींना मी धुमालच सांगेन. घरात बहिणीचं लग्न काढलंय किंवा डोक्यावर कर्ज आहे, त्यानं एक-दोन हंगाम तिकडं जावं. रोजची रोकड तिथंच आहे. तुमचा हात ऑक्टोपॅडवर असेल तर माझं सगळं म्हणणं थोडं बाजूला ठेवा, कारण तालवाल्याला धुमालात जेवढी मोकळीक आहे तेवढी नाटकात नाही. पण पेटीपासून सुरुवात केलेली असेल आणि गाणं अर्ध्यात तुटलं की जिवाला लागत असेल, तर माझ्या मते तुमची जागा स्टेजपुढं आहे.

तसं ठरलं तर दिवाळीच्या आधीच गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाला जाऊन या. नाटक मंडळांची कार्यालयं तिथंच आहेत आणि वादकांची जुळवाजुळव तारखा सुरू व्हायच्या आधी होते. कीबोर्ड सोबत न्या, तालमीला बसू द्या म्हणा. आणि नाईट किती हे विचारण्याआधी, राहिलेला हिशेब कोणत्या सणापर्यंत चुकता होईल ते विचारा. त्या मंडळात आधी वाजवलेल्या एखाद्याकडूनही तेच ऐकून घ्या.