शेवटचा भाग फसतो तो आधीच्या तीन भागांत

या लेखात बऱ्याच मालिकांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांचं पाहायचं राहिलंय त्यांनी मालिकेचं नाव दिसताच तो परिच्छेद सोडून द्यावा.

शेवटचा भाग आवडला नाही की सगळा दोष त्या एका तासाच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा तो अन्याय असतो. शेवटच्या भागाला मुळात थोडंच काम झेपतं. पहिल्या भागाने घातलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि ते उत्तर माणसांना किती महाग पडलं ते दाखवायचं, एवढंच. युद्ध, घात, खून, उलगडा हे सगळं त्याआधी उरकलेलं असेल तरच या दोन गोष्टींना जागा मिळते. नसेल तर तो भाग घटना आवरत बसतो आणि माणसं कोपऱ्यात उभी राहतात.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना 'ब्रेकिंग बॅड', अमली पदार्थ बनवू लागलेल्या वॉल्टर या शिक्षकाची गोष्ट. मालिकेचे ६२ भाग आहेत. कथेचा कणा मोडतो तो साठाव्यात: वॉल्टरचा साडू हँक मारला जातो, बहुतेक पैसा हातचा जातो, बायको-मुलगा वॉल्टरच्या विरोधात उभे राहतात, तान्ह्या मुलीला उचलून तो घरातून पळतो. एकसष्टाव्यात तो न्यू हॅम्पशायरच्या बर्फात एका खोपट्यात एकटा कुढतो आहे. त्यामुळे २९ सप्टेंबर २०१३ ला बासष्टावा भाग लागला तेव्हा हरण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. एक कबुली मात्र उरली होती. पाच सीझन हा माणूस 'सगळं कुटुंबासाठी' म्हणत आला. शेवटी बायको स्कायलरसमोर तो मान्य करतो की त्याने ते स्वतःसाठी केलं, त्याला ते आवडत होतं आणि त्यात तो वाकबगार होता. या सीनची मांडणीही बघण्यासारखी आहे. स्कायलर फोनवर बोलते आहे, खोली रिकामी वाटते, ती फोन ठेवते, कॅमेरा पुढे सरकतो आणि मधल्या खांबाआड वॉल्टर इतका वेळ उभाच होता हे दिसतं. ही कबुली साठाव्या भागात आली असती तर गोंधळात विरून गेली असती.

त्याच मालिकेतली दुसरी गोष्ट लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी. पाचवा सीझन जुलै २०१२ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्याच सीनमध्ये वॉल्टर एक मशीनगन विकत घेताना दिसला. ती कुठे वापरायची हे त्या वेळी लेखकांचंही ठरलेलं नव्हतं. त्यांनी नंतर ते जाहीरपणे सांगितलं. तरीही शेवट बसला. कारण बंदूक वापरली गेली ती वॉल्टरच्या डोक्याने: गाडीच्या डिकीत, गॅरेजच्या दाराच्या मोटरवर बसवलेली, किल्लीच्या बटणावर चालणारी. शिपाई झाल्यासारखा तो ती खांद्यावर घेऊन धावत सुटला असता तर सगळं कोसळलं असतं. शेवट आधीपासून ठरलेला असण्यापेक्षा दाखवलेली वस्तू त्या माणसाच्या स्वभावानुसार वापरली जाणं जास्त महत्त्वाचं असतं. या भागाचा दोषही सांगायला हवा: ज्याला पोलीस सगळीकडे शोधत आहेत तो माणूस हवं त्या घरात, हवं त्या कॅफेत सहज पोहोचतो आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक बेत पार पडतो. इतक्या सुबकपणामुळे धाकधूक कमी होते.

आता याच्या उलट टोक. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे पहिले सहा सीझन प्रत्येकी १० भागांचे, सातवा ७ भागांचा, आठवा फक्त ६. सिंहासन मिळवायला निघालेल्या राणी डॅनेरिसने ड्रॅगनवरून राजधानीचं शहर जाळणं अनेकांना अचानक वाटलं, पण कारणं होती. गुलामांच्या मालकांना खांबांवर ठोकणारी, शरण न येणाऱ्या टार्ली बापलेकांना जाळणारी तीच होती. कमी पडल्या त्या पायऱ्या. आठव्या सीझनच्या तिसऱ्या भागात मृतांच्या सैन्याचा निकाल, चौथ्यात तिचा एक ड्रॅगन आणि जिवलग सोबतीण मिसान्डे दोघंही गेले, पाचव्यात शरणागतीची घंटा वाजल्यावर शहराची राख, सहाव्यात तिचा मृत्यू. ती एकटी पडते आहे, लोकांवरचा विश्वास गमावते आहे, हे दाखवायला मध्ये तीन-चार शांत भाग हवे होते. ते नसल्यामुळे प्रेक्षकाला घटना कळते, पण पटत नाही.

आणि १९ मे २०१९ च्या शेवटच्या भागात तर सर्वांत गरजेचा सीनच गाळला आहे. तिचा प्रियकर जॉन राणीला मारतो, ड्रॅगन तिला उचलून नेतो, आणि मग थेट काही आठवड्यांनंतरची सभा. तिच्यासाठी जीव टाकणाऱ्या सैन्याला ही बातमी कशी कळली? जॉनला त्यांनी जागच्या जागी का मारलं नाही? कथेतली सर्वांत मोठी किंमत नेमकी याच फटीत चुकवायची होती. त्याऐवजी तिचा बेड्यांतला सल्लागार टिरियन बोलायला उभा राहतो आणि राजा ठरवतो. सॅन्सा उत्तरेचं राज्य वेगळं मागून घेते आणि बाकीचे मानकरी 'मग आमचंही द्या' असं म्हणत नाहीत. सत्तर भाग ज्या मालिकेने सत्तेची भूक दाखवली तिथे हे गप्प बसणं अशक्य आहे. सीझन नव्याने करावा या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. कोण मेलं यावरचा तो राग नव्हता. ज्या नियमांनी ते जग चाललं होतं तेच शेवटी पाळले गेले नाहीत, राग त्याचा होता.

घाई आणि गाळलेला सीन, हे दोन दोष इतक्या मालिकांत सापडतात की कोणताही शेवट पाहताना आधी हेच तपासावेत.

'द अमेरिकन्स' हे माझ्या मते आजवरचं सर्वांत पक्कं बांधकाम. वॉशिंग्टनजवळ अमेरिकन जोडपं म्हणून राहणारे दोन सोव्हिएत हेर, फिलिप आणि एलिझाबेथ, आणि समोरच राहायला आलेला एफबीआयचा अधिकारी स्टॅन. पहिल्याच भागात स्टॅनला संशय येतो, तो त्यांच्या गॅरेजमध्ये शिरून गाडीची डिकी तपासतो आणि फिलिप अंधारात पिस्तूल घेऊन उभा असतो. मालिकेने प्रश्न तिथेच टाकला: याला कळेल तेव्हा काय होईल? उत्तर ७५ व्या भागात येतं, ३० मे २०१८ ला, पुन्हा एका गॅरेजमध्ये. सीन सुमारे दहा मिनिटं चालतो. गोळी सुटत नाही, पाठलाग नाही. आधी खोटं, मग खोट्याचा एकेक पदर गळून पडतो, मग मैत्री खरी होती की तीही कामाचा भाग, हा सवाल. फिलिप बोलता बोलता स्टॅनच्या बायकोबद्दलचा संशयही त्याच्या कानावर घालतो. मदत की विष, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. आणि स्टॅन बाजूला होतो.

हा सीन इतका लांबवता आला याला कारण आहे. मालिका कधी थांबणार हे वाहिनीने दोन वर्षं आधी, २०१६ मध्येच जाहीर केलं होतं: १३ भागांचा एक सीझन, मग १० भागांचा शेवटचा. लेखकांना उतार मोजून घेता आला. पुढे शिक्षा येते, पण तुरुंगाच्या रूपात नाही. मुलगा हेन्री मागे राहतो. सीमेवर गाडी सुटते आणि एलिझाबेथला खिडकीतून दिसतं की मुलगी पेज फलाटावर उतरली आहे. मुख्य पात्रांपैकी कोणीही मरत नाही, आणि तरी हरल्याची इतकी स्पष्ट जाणीव फार थोड्या शेवटांनी दिली आहे. मृत्यू हा शेवट लिहिण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. लेखकाला पात्राच्या उद्याचा विचार करावा लागत नाही. इथे तो केला आहे.

शेवटची तारीख माहीत असली की सगळं जमतं, असं मात्र नाही. विमान कोसळून बेटावर अडकलेल्या माणसांच्या 'लॉस्ट'ची तारीखही तीन वर्षं आधी ठरली होती: मे २००७ मध्ये जाहीर झालं की आणखी ४८ भाग होतील आणि मालिका २०१० मध्ये संपेल. अडचण दुसरी होती. मालिकेने दोन प्रकारची कर्जं काढली होती: या माणसांचं काय होणार, आणि या बेटावर चाललंय काय. २३ मे २०१० च्या भागाने पहिलं कर्ज मनापासून फेडलं. नायक जॅकचा उघडणारा डोळा पहिल्या भागात, मिटणारा डोळा शेवटी. दुसऱ्याचं बरंचसं तसंच राहिलं, आणि जे कोडी सोडवण्यासाठी बघत होते ते रिकाम्या हाताने उठले. त्यात श्रेयनामावलीच्या वेळी वाहिनीने विमानाच्या अवशेषांची शांत दृश्यं जोडली. सगळे पहिल्या दिवसापासून मेलेलेच होते असा अर्थ असंख्य लोकांनी त्यावरून काढला. खुद्द भागात जॅकचे वडील स्पष्ट सांगतात की बेटावर घडलं ते सगळं खरं होतं. एखाद-दोन मिनिटांची जोडलेली दृश्यं शेवटाचा अर्थ कसा फिरवतात, त्याचं हे ठळक उदाहरण.

उघड्या शेवटाबद्दल लोक म्हणतात की लेखकाला सुचलं नाही म्हणून त्याने सोडून दिलं. कधी ते खरं असतं. 'द सोप्रानोज'च्या बाबतीत नाही. १० जून २००७ च्या त्या भागात रेस्टॉरंटच्या दाराची घंटी वाजते, माफिया टोळीचा म्होरक्या टोनी वर बघतो, मग त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. हा क्रम अनेकदा होतो, इतक्यांदा की डोळ्यांना सवय लागते. शेवटी घंटी वाजते, टोनी वर बघतो, आणि त्याला दिसायला हवं तिथे काळा पडदा. सुमारे दहा सेकंद, आवाजाशिवाय. पुष्कळांना केबल गेली असं वाटलं. पण काही भाग आधी होडीत बसून टोनीचा मेहुणा बॉबी म्हणाला होता की आपली वेळ येते तेव्हा बहुधा ऐकूही येत नाही, आणि शेवटून दुसऱ्या भागात ती आठवण मुद्दाम पुन्हा दाखवली होती. उघडा शेवट चालतो तो असा: माहिती आधी पुरवलेली असते, फक्त निष्कर्ष मोठ्याने उच्चारलेला नसतो. जिथे माहितीच दिलेली नसते, तिथे प्रेक्षकाने चिडणं रास्त आहे.

'सिक्स फीट अंडर' अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबाची मालिका. तिचा भाग मृत्यूने सुरू व्हायचा, पांढऱ्या पडद्यावर नाव आणि जन्म-मृत्यूची सालं. शेवटच्या भागाची सुरुवात जन्माने होते. नेट, घरातला मोठा मुलगा, आधीच गेलेला असतो, १२ भागांच्या सीझनमध्ये नवव्या भागात. म्हणजे शोकाला पूर्ण तीन भाग दिले आहेत. मग धाकटी बहीण क्लेअर गाडी घेऊन निघते आणि शेवटच्या काही मिनिटांत राहिलेल्या सगळ्यांचे मृत्यू दिसतात, त्याच पांढऱ्या पडद्यावर: आई रूथ २०२५, आणि सर्वांत शेवटी क्लेअर, १९८३–२०८५. आजवर परक्यांसाठी वापरलेली पाटी घरच्यांसाठी लागते. पुढच्या काळात उडी मारून पात्रांचं काय झालं ते दाखवणं ही फार घासलेली युक्ती आहे आणि बहुतेक ठिकाणी ती गोडगोड होते. इथे ती मालिकेच्या मूळ रचनेतूनच उगवते, म्हणून रडवते.

सर्वांत वाईट शेवट माझ्या लेखी ते, जे मागचं पुसून टाकतात. 'सेंट एल्सव्हेअर' १९८८ मध्ये संपली तेव्हा सहा सीझनचं ते रुग्णालय एका मुलाच्या हातातल्या काचेच्या गोळ्यात दिसलं, म्हणजे सगळी त्याची कल्पना असावी असं सुचवलं गेलं. चतुराई आहे, पण ज्या रुग्णांसाठी आपण जीव पाखडला त्यांचं काय? 'डेक्स्टर'ने २०१३ मध्ये आपल्या खुनी नायकाला वादळात बोट घालून मेल्यासारखं दाखवलं आणि शेवटच्या मिनिटाला दूर कुठे लाकूडतोड्या म्हणून बसवलं. शिक्षा नाही, सुटका नाही, हिशेब नाही. पुढे नव्या मालिकेत त्याला मारलं, आणि २०२५ मध्ये तोही मृत्यू मागे घेतला. पुन्हा परत येण्याची वाट ठेवून लिहिलेला शेवट हमखास असा पोकळ निघतो.

शेवटचा भाग एकटा लावून बघण्यात अर्थ नाही. 'ब्रेकिंग बॅड'चे शेवटचे तीन भाग एका बैठकीत बघा. 'सिक्स फीट अंडर'चा पाचवा सीझन नवव्या भागापासून सलग घ्या. 'द अमेरिकन्स'साठी मात्र सहाव्या सीझनचे दहाही भाग लागतात, आणि त्याआधी पहिल्या सीझनचा पहिला भाग पुन्हा बघितला तर गॅरेजमधल्या त्या दहा मिनिटांत फिलिप काय काय लपवतो आहे ते जास्त नीट दिसतं. 'लॉस्ट' बघताना जॅकचा डोळा मिटला की तिथेच बंद करा. अवशेषांची ती दृश्यं कथेचा भाग नाहीत.