जेसी जेम्सचं मिझुरी की बिली द किडचं न्यू मेक्सिको?

एकोणिसाव्या शतकातल्या या दोन अमेरिकन गुंडांच्या कथा तुम्हाला पाठ असणार, नाहीतर हा प्रश्न पडलाच नसता. सुट्टीचे तीनच दिवस हातात असतील तर कुठे जावं, एवढंच सांगतो. माझ्या दोन्ही वाऱ्या झाल्यात, वेगवेगळ्या वर्षी.

सोयीचं म्हणाल तर मिझुरी. कॅन्सस सिटीत मुक्काम ठेवला की लिबर्टीची १८६६ मध्ये लुटलेली बँक, कर्नीजवळचं जेम्स कुटुंबाचं शेत आणि सेंट जोसेफचं जेसीचं शेवटचं घर, सगळं आरामात होतं. शेतावरचं घर मला मनापासून आवडलं. जानेवारी १८७५ मध्ये पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेच्या माणसांनी रात्री त्यात पेटता गोळा टाकला. जेसीचा लहानगा सावत्र भाऊ गेला, आईचा हात गेला. जेसी स्वतः सापडलाच नाही. हीच आई पुढे त्याच्या थडग्यावरचे खडे पाहुण्यांना विकायची. बाई खमकी असणार.

माझं घोडं अडलं ते सेंट जोसेफला. ३ एप्रिल १८८२ची सकाळ. उकडत होतं म्हणून जेसीने कोट काढला, आणि रस्त्यावरून कुणाला दिसू नयेत म्हणून पिस्तुलंही उतरवली. मग भिंतीवरची तसबीर पुसायला खुर्चीवर चढला आणि त्याच्याच टोळीतल्या रॉबर्ट फोर्डने मागून गोळी घातली. हे सगळं डोक्यात घोळवत मी खिडकीशी गेलो. त्याला धास्ती होती तो रस्ता कुठला, ते बघायला. तर कळलं, घर मूळ जागेवर नाहीच! टेकडीवरून १९३९ मध्ये उचलून हमरस्त्यावर नेलं, तिथून १९७७ मध्ये इथे. म्हणजे भिंत त्याची, बाहेरचा रस्ता भलताच. थडगंसुद्धा १९०२ मध्ये शेतातून कर्नीच्या दफनभूमीत हलवलेलं. कुणाला ही बारीकसारीक कुरकुर वाटेल. माझा मात्र विरस झाला तो झालाच.

याउलट न्यू मेक्सिकोतलं लिंकन गाव म्हणजे एकच रस्ता, आणि तो जिथल्या तिथे आहे. कोर्टाच्या वरच्या मजल्यावर बिलीला बेड्या घालून ठेवलं होतं. १३ मे १८८१ला फाशी ठरलेली. २८ एप्रिलला पहारेकरी ओलिंजर बाकीच्या कैद्यांना घेऊन समोरच्या हॉटेलात जेवायला गेला. इकडे बिलीने दुसरा पहारेकरी बेल याला मारलं. आवाज ऐकून ओलिंजर धावत आला, तर वर खिडकीत बिली, हातात ओलिंजरचीच बंदूक. तुम्ही त्या खिडकीतून खाली बघू शकता. हॉटेल जळून नव्याने बांधलंय, इमारतीचीही डागडुजी झालीय. पण अंतर तेच. ओलिंजरला किती जवळून गोळी घातली, ते मला तिथे पोचेपर्यंत उमगलं नव्हतं.

अर्थात लिंकन आडबाजूला आहे. अल्बुकर्कीहून तीनेक तास, फोनला रेंज जेमतेम. मुलं लहान असतील, ड्रायव्हिंगचा कंटाळा असेल, तर मिझुरीला जाण्यात काही गैर नाही. फोर्ट समनर या गावाकडून फार अपेक्षाही नकोत: शेरीफ पॅट गॅरेटने बिलीला मारलं ते घर उरलेलं नाही, आणि थडग्यावरचा दगड दोनदा चोरीला गेल्यामुळे आता पिंजऱ्यात आहे. वेळ उरला तरच जा. लिंकनला मात्र सकाळी लवकर पोचा, आणि दशम्यांचा डबा सोबत असू द्या.